जुन्या पॉवर टिलरची निगा व दुरुस्ती

कोकणातील भाताची लावणी हा अवघ्या तीन-चार आठवड्यांचा मामला असतो. रोपे तयार झाली आणि खाचरात पाणी उभे राहिले की चिखलणी थांबवून चालत नाही. रोप जून झाले तर फुटवे कमी येतात व त्याची भरपाई पुढे कशानेही होत नाही. नेमक्या अशा वेळी पडवीत आठ-दहा महिने उभा असलेला जुना पॉवर टिलर बाहेर काढला जातो, हँडल मारून मारून खांदे भरून येतात, पण यंत्र काही सुरू होत नाही. मग मिस्त्रीकडे धाव घ्यावी लागते. आणि त्या पंधरवड्यात त्याच्या दारी आधीच रांग लागलेली असते.

मागून चालत हाताळावयाचा हा दोन चाकी ट्रॅक्टर आपल्याकडे रुळला तो जपानी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीची स्थापना 1967 मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने झाली, तर केरळ शासनाची ‘कॅमको’ 1973 मध्ये स्थापन होऊन कुबोटाच्या सहकार्याने टिलर बनवू लागली. बारा-तेरा अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे, मिनिटास 2,000 ते 2,400 फेरे घेणारे डिझेल इंजिन ही या यंत्रांची सर्वसाधारण ओळख होय. जेथे मोठा ट्रॅक्टर वळत नाही त्या डोंगरउतारावरच्या खाचरांत आणि नारळी-पोफळीच्या बागांत हे यंत्र सहज फिरते. त्याची रचना साधी असल्याने जुने झाले तरी ते दुरुस्त होऊ शकते. 2014-15 पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून नव्या यंत्रांच्या खरेदीस साहाय्य मिळू लागले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि दारात उभ्या असलेल्या यंत्राकडे त्यामुळे दुर्लक्ष व्हावे, हे काही योग्य नव्हे.

जुना टिलर कामातून जातो तो बहुधा वयामुळे नव्हे, तर धूळ व पाणी यांमुळे. चिखलणीच्या वेळी पात्यांचा दांडा सतत गाळात फिरतो. त्याच्या टोकाची ऑईल सील झिजली की गाळमिश्रित पाणी गिअरपेटीत शिरते, तेल दुधासारखे पांढरे होते आणि बेअरिंग व दातेरी चाके गंजू लागतात. याची परीक्षा अगदी सोपी आहे. यंत्र रात्रभर स्थिर ठेवून सकाळी पेटीच्या तळाचा नट किंचित सैल करावा. तेलापेक्षा जड असल्याने पाणी असेल तर तेच प्रथम बाहेर येते. अशा वेळी सगळे तेल काढून, पेटी धुऊन, सील बदलणे हाच उपाय. थोड्या पैशांची ही सील टाळण्यापायी पुढे सबंध पेटी उघडावी लागते.

धुळीचा मार्ग निराळा. हवेच्या गाळणीतील वाटीत खुणेपर्यंत तेल असावे लागते. ते आटले वा चिखलासारखे घट्ट झाले की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन लायनर व पिस्टन रिंगा घासून काढते. कोरड्या नांगरटीच्या दिवसांत ही वाटी रोज पाहावी. खुणेच्या वर तेल भरण्याचा उत्साहही बरा नव्हे. जादा तेल इंजिनात ओढले जाऊन ते बेफाम वेगाने धावू लागण्याचा धोका असतो.

इंजिन सुरू होत नसेल तर लगेच ते खोलण्याची घाई करू नये. डिझेलच्या मार्गात हवा अडकली असण्याचा संभव मोठा. प्रथम गाळणीवरील, नंतर पंपावरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. तरीही काम झाले नाही तर दाब पाहावा. दाब सोडण्याची कळ न दाबताही हँडल सहज फिरत असेल तर दाब गळतो आहे असे समजावे. हवेच्या मार्गाने चमचाभर इंजिन ऑईल आत सोडून हँडल पुन्हा फिरवावे. आता ते जड लागले तर दोष रिंगांचा. फरक पडला नाही तर व्हॉल्व्हचा. एवढे निदान घरी झाले तरी मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो. धूरही बोलका असतो: काळा धूर हवेची गाळणी तुंबल्याचा किंवा यंत्रावर भार जास्त झाल्याचा, निळा वंगण तेल जळत असल्याचा.

पट्ट्यांपैकी एकच तुटला तरी सर्व एकदम बदलावेत. नवा पट्टा जुन्यांच्या जोडीला घातला की सारा भार त्या एकट्यावर येतो. पाती डावी व उजवी अशी वेगळी असतात. ती उलटसुलट बसली तर यंत्र एका अंगाला ओढते. गावचा लोहार जुन्या कमानपट्ट्यापासून पाती करून देतो व ती बरी चालतातही, मात्र त्यांना पाणी नीट दिलेले नसेल तर दगडावर तुकडे उडतात.

दुरुस्तीच्या नादात संरक्षणाच्या योजना काढून टाकल्या जातात, ही चिंतेची बाब आहे. उलट गिअर पडला असता पाती फिरू नयेत, अशी व्यवस्था यंत्रात असते. ती बिघडली असेल तर मागे चालणाऱ्याचे पाय पात्यांखाली येऊ शकतात. पट्ट्यांवरचे झाकणही असेच ‘अडचण’ म्हणून कोपऱ्यात पडलेले दिसते. उतारावरील आणखी एक गोष्ट नवख्या चालकास आवर्जून सांगितली पाहिजे. सपाटीवर डावी कळ दाबली की यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर मात्र सुटलेले चाक पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे जाते. घाटीच्या वाटेवर हे माहीत नसणे जिवावर बेतू शकते.

हंगाम संपल्यावरची एक सकाळ यंत्रासाठी राखून ठेवावी. धुऊन कोरडे केलेल्या यंत्रातील पाणी काढून टाकावे, डिझेलची टाकी काठोकाठ भरावी म्हणजे आत बाष्प धरत नाही, पट्टे सैल करावेत आणि पात्यांना जुने तेल फासावे. हँडल जड लागेल तेथे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत, इंजिन थांबवावे. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचे शिक्षण दिले जाते. तेथील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने वैशाखात गावातील सर्व टिलर एकाच जागी तपासून घेण्याचे काम ग्रामपंचायतीस सहज करता येईल. कोणत्या यंत्रास कोणती सील, कोणत्या मापाचा पट्टा लागतो, याची यादी त्याच दिवशी तयार झाली तर सुटे भाग मृगापूर्वी एकत्र मागवता येतात.