आधी रात्रीचा हिशेब कर, मग पॅनल्स घे

तुझा मेसेज वाचून आधी हसले, मग फोन उचलला, मग म्हटलं नको, लिहूनच पाठवते. म्हणजे नवऱ्यालाही वाचून दाखवता येईल. सेकंड हँड ट्रेलर घेतलात, बावीस फुटी, छान केलंत. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगोच्या वाळवंटात चार रात्री मुक्काम, जिथे ना विजेचं हुकअप ना पाण्याचा नळ. पुण्याहून आलेले सासू-सासरे सोबत. आणि नवऱ्याच्या ऑनलाइन कार्टमध्ये आठशे वॉटची पॅनल्स, तीन हजार वॉटचा इन्व्हर्टर आणि अजून काय काय. तू म्हणतेस, ‘ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही.’ खरं सांगू का, जेवढं कळायला हवं तेवढं तुला आठवड्यात कळेल. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे जड नाही गं. त्यात गुणाकार आणि बेरीज एवढंच आहे.

सगळे पॅनलपासून सुरुवात करतात, कारण ती दिसतात. तू रात्रीपासून सुरुवात कर.

बोरेगोला फेब्रुवारीत दुपार छान उबदार असते, पण सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे फर्नेस लागणार. फर्नेस गॅसवर चालते, मग विजेचा काय संबंध, असं सगळ्यांना वाटतं. बघ, आग गॅसची असते, पण गरम हवा आत फेकणारा पंखा बॅटरीवर फिरतो आणि तो सात ते दहा अँपिअर खातो. रात्रभरात तो मिळून पाच तास चालला, तर चाळीस अँपिअर-अवर, म्हणजे एएच, गेले. जुन्या ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्यावर साधारण ऐंशी एएचची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, आणि तिच्यातली निम्मीच वापरायची असते. झालं ना गणित? एका फर्नेसने सगळी बॅटरी खाल्ली.

मग पहाटे तीनला काय होतं ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाहीस. पंखा सुरू होतो, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नसतो, जरा मरगळलेला येतो. फर्नेसच्या आत वाऱ्याने ढकललं जाणारं एक छोटं पातं असतं. वारा पुरेसा आला तरच ते खटका दाबतं आणि मगच गॅस पेटतो. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, पातं जागचं हलत नाही, आणि टाकी गॅसने भरलेली असूनही तुम्ही सगळे गारठता. वर गॅस गळतीचा अलार्म पीक-पीक करायला लागतो, कारण त्यालाही व्होल्टेज कमी पडतं. गळती वगैरे नसते बहुधा, पण अलार्म वाजला की आधी दार उघडायचं, वास बघायचा, मगच बॅटरीला दोष द्यायचा. सासूबाई घाबरून उठतील त्याची तयारी ठेव.

आता वही घे. प्रत्येक वस्तू किती वॉटची आणि दिवसात किती तास चालते, याचा गुणाकार कर. फर्नेसचे चाळीस एएच गुणिले बारा व्होल्ट, साधारण पाचशे वॉट-अवर. तुमचा फ्रिज गॅसवर चालणारा आहे म्हणालीस ना, मग त्याचं सर्किट, अलार्म आणि गुपचूप खाणारी बारीकसारीक मंडळी मिळून दोनशे धर. (तोच फ्रिज नव्या धर्तीचा, बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा असता, तर एकटा सहाशे-सातशे खाऊन बसला असता.) दोघांचे लॅपटॉप तीन-तीन तास, साडेतीनशे. दिवे, पाण्याचा पंप, फोन, दीडशे. आणि स्टारलिंक. याच्याकडे कुणी बघतच नाही. पन्नास वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चोवीस तास चालू राहिलं तर बाराशे होतात. सहा तासच लावलंत तर तीनशे. माझं ऐक, रात्री त्याचा प्लग काढायचा. नवऱ्याला झोपेत इंटरनेट लागत नाही.

बेरीज आली साधारण पंधराशे. एवढाच राक्षस आहे तो.

आणि मिक्सरची काळजी तू करत होतीस ना? चटणीपुरता साडेसातशे वॉटचा मिक्सर दोन मिनिटं चालव, पंचवीस वॉट-अवर लागतात. नारळाची चटणी खुशाल कर. त्याला इन्व्हर्टर मात्र दणकट हवा, कारण मोटर सुरू होताना दुप्पट-तिप्पट झटका घेते, आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घे. इन्स्टंट पॉट आणि इंडक्शन घरी ठेव. हजार-पंधराशे वॉट अर्धा-पाऊण तास ओढणाऱ्या वस्तू वाळवंटात कशाला? शेगडी आहे, गॅस आहे, कुकर घेऊन जा. तीन शिट्ट्यांत डाळ होते.

बॅटरीकडे येऊ. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्या घरी इन्व्हर्टर असायचा, आठवतंय? दर महिन्या-दोन महिन्यांनी बाबा लोक त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे. ट्रेलरवरची जुनी बॅटरी त्याच जातीची. ती काढ. आता लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायची, शंभर एएचच्या दोन. एकेकीत बाराशे ऐंशी वॉट-अवर, आणि ते जवळजवळ सगळे वापरता येतात. वजनही जुनीपेक्षा बरंच कमी. काही वर्षांपूर्वी अशी एक बॅटरी हजार डॉलरच्या आसपास जायची, आता दोन-तीनशेलाही मिळते. दोन मिळून अडीच हजारांवर वॉट-अवर झाले, म्हणजे एक अख्खा दिवस ऊन पडलं नाही तरी तुमचं भागतं. पैसे इथे घाल, पॅनलवर नंतर.

पण नुसती बॅटरी बदलून हात झटकायचे नाहीत. ट्रेलरमधला कन्व्हर्टर, म्हणजे हुकअपवर असताना बॅटरी चार्ज करणारा डबा, जुना असेल तर तो लेड-अ‍ॅसिडच्या हिशेबाने साडेतेरा-पावणेचौदा व्होल्ट देतो. लिथियमला चौदाच्या वर, साधारण १४.४ हवेत. नाहीतर ती पूर्ण भरत नाही आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देता. त्या डब्यावरचा मॉडेल नंबर बघ, काहींत लिथियमसाठी बटण असतं, काहींचा आतला भागच बदलावा लागतो. दुसरं, शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते. बोरेगोत तशी वेळ सहसा येत नाही, पण पुढे मॅमथच्या डोंगरात जाल तेव्हा येईल. या बॅटरीतून जुनीसारखा हायड्रोजन बाहेर पडत नाही, त्यामुळे ती आत, पलंगाखाली ठेवता येते. तिथे ती उबेला राहते आणि चोरांपासूनही वाचते.

आणि मीटर. हे एक माझ्यासाठी कर. शंट लावून घे, बॅटरीत किती आलं, किती गेलं हे मोजणारा. ट्रेलरच्या भिंतीवरचे बॅटरी किती उरली ते दाखवणारे चार दिवे लिथियमला काही कामाचे नाहीत. ती भरलेली असो की पाव उरलेली, व्होल्टेज तेरा-सव्वातेराच्या आसपासच रेंगाळतं. सिलिंडर संपेपर्यंत शेगडीची ज्योत कशी तेवढीच राहते आणि मग पोळ्या अर्ध्यावर असताना फप्प होते, तसंच. शंट असला की फोनवर टक्के दिसतात आणि नवरा-बायकोची निम्मी भांडणं मिटतात. उरलेल्या निम्म्यांवर माझ्याकडे उपाय नाही.

आता पॅनल्स. चारशे वॉट पुरे. छपरावर आडवं पडलेलं पॅनल डब्यावर लिहिलेलं सगळं देत नाही. फेब्रुवारीत तिथे साधारण चार तासांच्या भर उन्हाएवढं ऊन धर आणि वर पाव हिस्सा तूट. चारशे वॉटची रोज बाराशेच्या आसपास कमाई. खर्च पंधराशे, म्हणजे रोज तीनशे बॅटरीतून जाणार, चार रात्रींत बाराशे. बॅटरीत अडीच हजार आहेत. बसलं की नाही? डिसेंबरात गेलात तर कमाई जूनच्या निम्म्याहूनही कमी होते हे मात्र लक्षात ठेव. आठशे वॉट तुमच्या छपरावर नीट बसणारही नाहीत गं. एसीचा उंच डबा, व्हेंट, अँटेना, सगळ्यांच्या सावल्या फिरत असतात, आणि एका कोपऱ्यावर हाताएवढी सावली पडली तरी पॅनलची कमाई भसकन खाली येते. त्यापेक्षा पुढे वाटलंच तर दोनशे वॉटचं घडीचं पॅनल घे. ट्रेलर सावलीत, पॅनल उन्हात, आणि सूर्याकडे वळवायची ड्यूटी सासऱ्यांना दे. रिटायर्ड माणसाला हे काम फार आवडतं, अनुभवाने सांगते.

घडीचं पॅनल ट्रेलरच्या बाजूच्या ‘सोलर रेडी’ सॉकेटला लावायच्या आधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपास. काही कंपन्यांच्या सॉकेटमध्ये ते उलटे असतात. आणि पॅनल व बॅटरी यांच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी जातीचा घे. पॅनल्स एकामागे एक जोडणार असाल तर त्यांच्या व्होल्टेजची बेरीज कंट्रोलरच्या मर्यादेच्या बरीच खाली राहू दे, कारण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. कडाक्याच्या सकाळी पहिलं ऊन पडतं तेव्हाच कंट्रोलर जळतात.

छपराला भोकं पाडायची तुला धास्ती वाटते, ती योग्य आहे. ट्रेलर विजेने मरत नाहीत, गळतीने मरतात. रबरी छपरावर सिलिकॉन लावायचं नाही, ते धरत नाही आणि पुढचं काही त्यावर चिकटू देत नाही. छपरासाठीचा लॅप सीलंट मिळतो, आपोआप पसरणारा, तोच भरपूर ओत. मी पहिल्यांदा ओतला तेव्हा छपरावर इडल्या घातल्यासारखं दिसत होतं, पण थेंब आत आला नाही. वायर आत न्यायला नवीन भोक नको, तुमच्या फ्रिजची वरची जाळी आहे ना, तिच्यातून खाली सोडता येते.

आता जरा दरडावून बोलते. इन्व्हर्टर दोन हजार वॉटचा पुरे, आणि त्याच्या वायरींवर कंजूषपणा केलात तर माझ्याशी गाठ आहे. बारा व्होल्टवर दोन हजार वॉट ओढायचे म्हणजे पावणेदोनशे अँपिअरच्या वर प्रवाह. अंगठ्याएवढी जाड, शक्य तितकी आखूड केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ क्लास टी फ्यूज. टोकं घरी हातोडीने चेपायची नाहीत, मशीनवर दाबलेली तयार मागवा. पहिल्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा आवळून बघा, रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात आणि सैल जोड तापतो. एकशेवीस व्होल्टच्या बाजूला हात घालायचा असेल तर जाणकार माणूस बोलवा, त्यात लाज नाही.

आणि ट्रेलरची जाड वायर सरळ इन्व्हर्टरमध्ये खुपसून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं केलंत तर कन्व्हर्टरला वाटतं हुकअप मिळालं, आणि तो बॅटरीची वीज घेऊन तीच बॅटरी चार्ज करत बसतो. ‘ऑटो’वर असलेला फ्रिजही गॅस सोडून विजेवर उडी मारतो आणि तीनशेच्या वर वॉट ओढायला लागतो. आधी कन्व्हर्टरचा ब्रेकर बंद, फ्रिज गॅसवर, मग बाकीचं. झोपताना इन्व्हर्टरही बंद, तो नुसता जागा राहण्याचेच रोजचे पाचशेपर्यंत वॉट-अवर घेतो.

एसीचं विचारलंस. नाही. छपरावरचा एसी चौदाशे वॉट ओढतो, दोन्ही बॅटऱ्या दोन तासांत रिकाम्या. गरम व्हायला लागलं की गाडी डोंगराकडे वळवायची, हजार फूट चढलात की दोन-तीन अंश कमी. तीन दिवस ढग आलेच तर छोटा जनरेटर भाड्याने आणा, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत तो सकाळी दहा ते रात्री आठ एवढाच चालवता येतो. खिडकीखाली नको, धूर आत गेला तर जिवावर बेततं.

खरं सांगू का, तुमची वीज संपायच्या आधी पाणीच संपेल. चाळीस गॅलनची टाकी, चार माणसं, आणि आपल्या बायकांची भांडी धुवायची पद्धत! कागदी ताटल्या घे, सासूबाईंना आधीच सांगून ठेव.

येत्या शनिवारी ट्रेलर ड्राइव्हवेतच ठेव, घराची वायर काढ, आणि दोघं एक रात्र त्यातच झोपा. फर्नेस लावा, लॅपटॉप लावा, सगळं नेहमीसारखं. काय कधी बंद पडलं ते वहीत लिही आणि रविवारी मला फोटो पाठव. तोपर्यंत त्या कार्टमधलं काही घ्यायचं नाही, ताईने सांगितलंय म्हणून सांग त्याला.