कापडाचा पन्हा

नागपुरातील सीताबर्डीच्या टेकडीवर 1817 साली भोसले आणि इंग्रज यांच्या फौजांची लढाई झाली. त्या टेकडीच्या पायथ्याशी आता मोठा बाजार आहे. तेथील एका कापडाच्या दुकानात एक मुलगा रोज सायंकाळी आजोबांजवळ बसून गृहपाठ करीत असे.

एके दिवशी त्याच्यापुढे प्रमाणाची उदाहरणे होती. 5 मीटर कापडास 300 रुपये पडतात, तर 8 मीटरांस किती? त्याने झटकन 480 लिहिले. कापड ज्या पटीने वाढते त्याच पटीने किंमतही वाढते. किमतीस मीटरांनी भागले, तर प्रत्येक वेळी 60 च येतात. हे समप्रमाण त्याला चांगले अवगत होते.

इतक्यात एक गिऱ्हाईक आले. त्यास गोधडीच्या अस्तरासाठी 90 सेंटिमीटर पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, 4 मीटर कापड हवे होते. परंतु त्याने पसंत केलेल्या कापडाचा पन्हा 120 सेंटिमीटर निघाला. अस्तर तुकडे जोडूनही चालणार होते. सदऱ्याचे कापड असते, तर हिशेब इतका सरळ नसता.

“आजोबा, मी सांगतो! पाच मीटर आणि वर तेहतीस सेंटिमीटर,” मुलगा म्हणाला.

आजोबांनी हाती घेतलेली कात्री खाली ठेवली. कापड एकदा कापले की ते परत ठाणात जात नाही. “बाळ, कापड अधिक रुंद आहे. मग लांबी जास्त लागेल की कमी?”

मुलगा ओशाळला. “कमी.”

“किती कमी, तेही सांग.”

त्याने 90 ला 4 ने गुणले; 360 आले. 120 ला कितीने गुणले म्हणजे 360 होतील? तीन मीटर! येथे भागाकार नव्हे, तर गुणाकार कायम राहतो. हे व्यस्तप्रमाण. 60 रुपये भावाने त्या गिऱ्हाइकास 140 रुपयांचा भुर्दंड पडला असता.

आजोबांच्या लहानपणी यास व्यस्त त्रैराशिक म्हणत. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘लीलावती’त ते सांगितले आहे. धान्याची रास मोठ्या मापाने मोजली, तर मापे कमी भरतात, हा त्यांच्या उदाहरणांतील एक प्रकार. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख 1207 सालचा आहे. नातवाने आजोबांची विद्या जपली ती अशी.

दिवेलागणीला दुकान आवरताना आजोबांनी आणखी एक प्रश्न घातला. “एक लुगडे उन्हात दोन तासांत वाळते. मग लांब दोरीवर शेजारी शेजारी पाच लुगडी घातली, तर ती किती तासांत वाळतील?”

मुलाची पेन्सिल कागदास टेकली. पाचाने गुणावे की भागावे, याचा तो क्षणभर विचार करू लागला. मग त्याने पेन्सिल उचलली आणि तो हसला.

“दोनच तासांत, आजोबा. येथे समही नाही आणि व्यस्तही नाही!”