खिशाला मानवेल अशी क्लिप

घडीच्या चाकूची खिशात अडकवायची क्लिप घरी कशी घडवावी, यावर गिरगावपासून लालबागपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आहेत. चाकू विकतचा, क्लिप मात्र आपल्या हातची, असा हा छंद. पत्रे निरनिराळी असली तरी बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणची आहे. क्लिप ही आधी स्प्रिंग आहे. रंग, नक्षी आणि चकाकी हे सगळे त्यानंतर. हे मनात धरून पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न : मी मंडपाच्या सजावटीची कामे करतो. चाकूची क्लिप तुटली म्हणून स्टेनलेस स्टीलच्या १ मिमी पत्र्याची नवी केली. चार दिवसांत ती ढिली पडली. पत्रा आणखी जाड घेऊ का? – लालबाग

उत्तर : जाडी वाढवू नका, पत्रा बदला. फॅब्रिकेशनच्या दुकानात सहसा मिळतो तो ३०४ जातीचा नरम पत्रा. टाक्या आणि कठडे करायला तो उत्तम, कारण वाकवला की वाकलेलाच राहतो. क्लिपला नेमका याच्या उलट गुण हवा.

हिशेब करून पाहा. क्लिपचा मोकळा भाग ४० मिमी लांब आणि पट्टी १ मिमी जाड धरली, तर ३०४ चा नरम पत्रा टोकाला एक-सव्वा मिलिमीटर उचलला की त्याची लवचीक मर्यादा संपते. खिशाची दुमडलेली शिवण सहज २ मिमी भरते. म्हणजे चाकू पहिल्यांदा खिशात अडकवला तेव्हाच क्लिप थोडी कायमची वाकली आणि पुढे रोज वाकत गेली. हाताच्या कौशल्याचा यात दोष नाही.

३०१ जातीची, कडक रोल केलेली स्प्रिंगची पट्टी मागा. तिची लवचीक मर्यादा नरम ३०४ च्या तिप्पट-चौपट असते. दुकानातच खात्री करायची असेल, तर पट्टीचे टोक बोटांनी वाकवून सोडा. जागेवर परत आली तर घ्या, बाक राहिला तर परत करा.

जाडीचा नियम वहीत लिहून ठेवा : ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ०.८ मिमीची पट्टी १ मिमी केली की पकड जवळजवळ दुप्पट होते. लांबीचा नियम याच्या उलट आहे. ४० मिमीचा मोकळा भाग ५० मिमी केला की पकड निम्म्यावर येते. कानशीने जाडी थोडी कमी करूनही क्लिप पुष्कळ नरम करता येते; म्हणून सुरुवात किंचित जाड पट्टीने करावी.

प्रश्न : गिरणीतल्या फिटर खात्यात आयुष्य गेले. घरी जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग आहे. तिची क्लिप होईल का? भोक पाडताना ड्रिल घसरते आणि वाकवताना पट्टी मोडते. – परळ

उत्तर : होईल, आणि तुमच्यासारख्याच्या हातून उत्तमच होईल. ती स्प्रिंग आधीच पाणी दिलेली आहे, म्हणून ड्रिलला दाद देत नाही आणि लहान गोलाईत वाकत नाही. आधी तिचे पाणी काढा. पट्टी लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरा आणि सावकाश निवू द्या. मग कापा, भोके पाडा, हवा तो बाक द्या. कानशीचे काम आणि कडांची धार मारणेही याच टप्प्यावर उरका, पुढे ते जड जाईल.

त्यानंतर पुन्हा पाणी द्यायचे. पट्टी लाल तापवा. चुंबक चिकटेनासा झाला की आणखी किंचित उष्णता द्या आणि तेलात बुडवा. आता ती काचेइतकी ठिसूळ आहे; पडली तरी तुटेल. एक बाजू पॉलिश पेपरने लख्ख करा. लोखंडी कढईत कोरडी वाळू तापवून पट्टी वाळूवर ठेवा. आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढेल. ३०० अंश सेल्सियसच्या आसपासचा हा निळा म्हणजेच स्प्रिंगचे पाणी. निळा सगळीकडे सारखा आला की उचला. थेट ज्योतीवर पातळ टोक आधी निळे होऊन पुढे जाते आणि मधला भाग कडकच राहतो. वाळू ही चूक टाळते.

हॅक्सॉच्या नव्या ब्लेडवर मात्र ही कृती करू नका. त्यांचे दात हायस्पीड स्टीलचे असतात आणि त्या पोलादाची उष्णतेची रीत वेगळी आहे.

प्रश्न : आजीच्या फुटक्या पितळी परातीचा तुकडा जपून ठेवला आहे. त्याची क्लिप करून वडिलांना द्यायची आहे. तुकडा सपाट करण्यासाठी गॅसवर लाल केला. आता तो अगदीच मऊ झाला आहे. – गिरगाव

उत्तर : तुकडा वाया गेलेला नाही. पोलाद आणि पितळ इथे वेगळ्या वाटेने जातात. पोलादाला उष्णतेने कडकपणा देता येतो, पितळाला देता येत नाही. पितळ कडक होते ते मार खाऊनच. तांबट तापवून नरम केलेल्या भांड्यावर शेवटी हातोडीने मठारकाम करतात. ते ठिपके डोळ्यांना छान दिसतात, पण त्यांनीच भांड्याच्या अंगात ताकद येते. पुण्याच्या तांबट आळीत हे काम आजही पाहायला मिळते.

तुम्हीही तेच करा. पट्टी हव्या त्या जाडीपेक्षा थोडी जाड ठेवा. गुळगुळीत ऐरणीवर, चकचकीत तोंडाच्या हातोडीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे ठोके द्या आणि दोन्ही बाजू आळीपाळीने घ्या. पट्टी बोटाखाली उसळू लागली की थांबा. त्यानंतर पुन्हा लाल करू नका आणि त्यावर डाग देण्याचे कामही नको. पितळाचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे, म्हणून पोलाद १ मिमी पुरते तिथे पितळ १.२ मिमी घ्या.

मार खाल्लेल्या पितळात ताण साठतो आणि अमोनियाशी गाठ पडली की त्याला तडे जातात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की तडकत. हवेतला ओलावा आणि लिदीतला अमोनिया हे त्याचे कारण. उपाय सोपा आहे. तयार क्लिप घरच्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर तासभर ठेवा. ताण निघतो, कडकपणा राहतो. अमोनिया असलेल्या फरशीच्या किंवा काचेच्या क्लीनरने क्लिप पुसू नका. घामाने कापडावर हिरवट डाग पडतात, तेव्हा आतली बाजू अधूनमधून चिंचेने घासून कोरडी करायला वडिलांना सांगा.

प्रश्न : टायटॅनियमची क्लिप करायची आहे. मुंबईत किरकोळ तुकडा मिळतो का? वाकवल्यावर तो पुन्हा सरळ का होतो? निळा रंग कसा देतात? – खेतवाडी

उत्तर : तुम्ही तर बाजाराच्या दारातच राहता. कुंभारवाडा, दुर्गादेवी, सी. पी. टँक आणि तुमची खेतवाडी या गल्ल्यांत रासायनिक कारखान्यांना टायटॅनियम आणि निकेलचे मिश्रधातू पुरवणारे व्यापारी बसतात. त्यांचा व्यवहार पत्र्यांचा आणि पाइपांचा असतो, म्हणून कापून उरलेला तुकडा मागा. ‘ग्रेड ५’ असे स्पष्ट सांगा. त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते आणि स्प्रिंग म्हणून तोच चालतो. ग्रेड २ जवळजवळ शुद्ध टायटॅनियम आहे. तो सहज वाकतो, पण क्लिपला नरम पडतो.

वजन वाचेल या आशेने मात्र घेऊ नका. ताठपणा कमी असल्याने १ मिमी पोलादाच्या जागी १.२ मिमी टायटॅनियम लागते. ६० मिमी लांब आणि ८ मिमी रुंद क्लिप टायटॅनियमची केली तर अडीच ग्रॅम भरते, पोलादाची पावणेचार. फरक सव्वा ग्रॅमचा. टायटॅनियम घ्यावे ते मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंजत नाही म्हणून आणि रंगासाठी.

ग्रेड ५ मजबूत आहे आणि त्या मानाने त्याचा ताठपणा कमी, म्हणून वाकवून सोडले की बराचसा बाक परत जातो. हव्या त्या कोनापेक्षा जास्त वाकवावे लागते. किती जास्त, ते त्याच पत्र्याच्या कपच्यावर आधी पाहून घ्या. थंड वाकवताना आतली त्रिज्या जाडीच्या साडेचार पटींहून लहान नको; १.२ मिमी पत्र्याला साधारण साडेपाच मिमी. वाइसच्या टोकदार जबड्यावर वाकवलात तर पत्रा चिरतो. त्या मापाच्या गोल सळईवर वाकवा. याहून लहान बाक हवा असेल तर अंधारात जेमतेम लाल दिसेल इतकेच तापवून वाकवा.

रंग कशाचा लेप नाही. विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर वाढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाशातला एकेक रंग उठून दिसतो. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवा. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागोमाग एक जोडा. क्लिप धन टोकाला लावा, ऋण टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा. साधारण २७ व्होल्टला निळा येतो. सोनेरीला ५५-६० व्होल्ट लागतात. तितके घरगुती जुगाडाने करू नका आणि भिंतीतली वीज तर अजिबात नको. बोटांची चरबी राहिली की रंग डागाळतो, म्हणून आधी क्लिप साबणाने धुवा आणि मग चिमट्यानेच धरा. रंग बिघडला तर पॉलिश पेपरने काढून पुन्हा द्या.

आणि हे कळकळीने सांगतो : टायटॅनियमचा बारीक भुगा पेटतो, आणि त्यावर पाणी ओतले की आग भडकते. चाळीच्या खोलीत ग्राइंडर लावू नका, कानशीने काम करा. भुगा रोज गोळा करा आणि हाताशी कोरड्या वाळूचा डबा ठेवा.

प्रश्न : चाकूवरच्या क्लिपच्या भोकांत M2 चा स्क्रू खुळखुळतो आणि M2.5 आत जात नाही. भोक मोठे करू का? – दादर

उत्तर : थांबा, आटे खराब कराल. अनेक अमेरिकी चाकूंवर २-५६ मापाचा इंची स्क्रू असतो. त्याचा व्यास २.१८ मिमी, म्हणून तुमचे दोन्ही स्क्रू बसत नाहीत. चाकूसोबत आलेला स्क्रूच नमुना म्हणून नागदेवी स्ट्रीटवर घेऊन जा. नवे भोक पाडून M2 चे आटे पाडायचे असतील तर ड्रिल १.६ मिमीचे घ्या. टॅप पाव फेरी पुढे फिरवला की थोडा मागे घ्या, तेल देत राहा. इतका बारीक टॅप आत तुटला की निघत नाही.

प्रश्न : मुलगा ट्रेकला चाकू नेतो. पण क्लिप लावून लोकलने फिरला तर पोलीस हरकत घेतील का? – परळ

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. शहरात चाकू खिशाला अडकवून फिरू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढू शकतात, आणि त्यांत चाकूही येतात. गर्दीत क्लिप कुणाच्याही पिशवीत अडकू शकते, हा धोका वेगळाच. चाकू बंद करून सॅकच्या तळाशी ठेवावा आणि गडाच्या पायथ्याशी बाहेर काढावा. विसर्जनाच्या किंवा सभेच्या गर्दीत तो घरीच राहू द्यावा.

प्रश्न : क्लिपने पँटच्या खिशाची कड फाटते. नवी क्लिप करायची तर आराखड्याची सुरुवात कुठून करू? – दादर

उत्तर : खिशापासून करा. खिशाला अडकणाऱ्या क्लिपचा चाकू अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणला आणि ती पद्धत जगभर पसरली. पण कारखान्याची क्लिप कुठल्या तरी सरासरी खिशासाठी असते. स्वतः घडवण्याचा खरा फायदा हाच की तुम्ही ती आपल्या खिशासाठी करता.

नेहमीच्या पँटच्या खिशाची शिवण व्हर्नियरने मोजा. क्लिपचे टोक त्या जाडीहून मिलिमीटरभर जास्त वर उचललेले हवे, म्हणजे कापड अडखळत नाही. क्लिप मुठीला जिथे टेकते तिथली जागा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत करा. कापड फाटते ते बहुधा मुठीच्या खरखरीत पोतामुळे. क्लिप ते फक्त त्यावर दाबून धरते. टेकण्याची जागा टोकापासून पाच-सहा मिमी आत ठेवा. सगळ्या कडा नखाला लागणार नाहीत इतक्या गोल करा.

बाजूही विचारपूर्वक ठरवा. पात्याचे टोक वर राहणार असेल तर पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकली पाहिजे. चाकू खिशात थोडा उघडू लागला तरी शिवण त्याला अडवते.

आकार आधी पुठ्ठ्यावर कापा आणि चाकूला चिकटवून मूठ आवळून पाहा. तळव्याला टोचते तिथला कोपरा कमी करा. मग साध्या पत्र्याचा नमुना आणि त्यानंतर खरी पट्टी. ती लावून आठवडाभर काम करा. शिवणीवर ओरखडा दिसला तर टोक आणखी उचला, चाकू सैल वाटला तर टेकण्याची जागा थोडी मागे घेऊन मोकळा भाग आखूड करा, आणि नक्षीचा विचार त्यानंतर.