विश्वासाचे माप : फ्रँक रॅम्से यांचा संभाव्यता-विचार

परंपरागत तर्कशास्त्रात विधान एकतर खरे असते, नाहीतर खोटे. व्यवहारात मात्र माणसाला अशी खात्री क्वचितच लाभते. औषध योजणारा वैद्य, साक्ष तोलणारा न्यायाधीश आणि पेरणीची वेळ ठरविणारा शेतकरी या तिघांनाही अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. त्यांचा विश्वास कमी-अधिक असतो. असा विश्वास मोजता येईल काय? आणि तो विवेकाला धरून आहे हे कशावरून ठरवावे? या प्रश्नांचा मूलगामी विचार केंब्रिज येथील तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्से यांनी १९२६ साली ‘सत्य आणि संभाव्यता’ या निबंधात केला.

रॅम्से यांचा जन्म १९०३ साली केंब्रिज येथे झाला. गणित, तर्कशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी मौलिक भर घातली. जानेवारी १९३० मध्ये, वयाची २७ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९३१ साली, प्रसिद्ध झाला.

केन्स यांचा सिद्धान्त

रॅम्से यांच्यापुढे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा १९२१ सालचा संभाव्यतेवरील ग्रंथ होता. केन्स यांच्या मते संभाव्यता हा दोन विधानांमधील तार्किक संबंध होय. उपलब्ध पुरावा एखाद्या निष्कर्षाला किती आधार देतो, हे बुद्धीला साक्षात जाणवते. मात्र हा आधार प्रत्येक वेळी अंकांत मांडता येतोच असे नाही. रॅम्से यांनी १९२२ साली, अवघे १८ वर्षांचे असताना, या मतावर टीका केली आणि पुढे १९२६ च्या निबंधात तिचा विस्तार केला. असे संबंध आपणांस तरी जाणवत नाहीत, हा त्यांचा सरळ आक्षेप होता. साध्यासुध्या विधानांच्या बाबतीतही या संबंधांविषयी माणसांचे एकमत होत नाही. तेव्हा त्यांच्यावर शास्त्राची उभारणी करणे धोक्याचे ठरते.

कृती हेच माप

विश्वासाची मात्रा मनातील भावनेच्या तीव्रतेवरून ठरवावी काय? रॅम्से यांचे उत्तर नकारार्थी आहे. ज्या गोष्टी माणूस पूर्णपणे गृहीत धरून चालतो, त्यांविषयी त्याच्या मनात बहुधा कोणतीच भावना उमटत नाही. म्हणून विश्वास किती आहे हे पाहावयाचे तर माणूस त्याच्या भरवशावर काय करावयास तयार होतो, ते पाहिले पाहिजे.

रॅम्से यांनी यासाठी चौरस्त्यावर आलेल्या वाटसरूचे उदाहरण घेतले आहे. त्याला एक रस्ता बरोबर वाटतो, पण पुरती खात्री नाही. दूर शेतात एक माणूस दिसतो. त्याला विचारण्यासाठी वाट सोडून जावे की नाही? समजा, चुकीचा रस्ता धरल्यास १० मैलांची जादा पायपीट होणार आहे. विचारून येण्यासाठी हा वाटसरू जास्तीत जास्त २ मैल चालावयास राजी आहे. याचा अर्थ, आपण चुकत असण्याची शक्यता तो पाचांत एक इतकी धरतो. कारण १० मैलांचा पाचवा हिस्सा २ मैल होतो. म्हणजेच निवडलेल्या रस्त्यावर त्याचा विश्वास ४/५ इतका आहे. तो अर्ध्या मैलाहून अधिक चालण्यास तयार नसेल, तर तोच विश्वास १९/२० ठरेल.

पैज लावून विश्वास मोजण्याची रीत जुनीच होती. तथापि तीत एक दोष आहे. एक रुपयाचे मोल गरिबाला व श्रीमंताला सारखे नसते. शिवाय कोणाला पैजेची आवड असते, कोणाला तिटकारा. रॅम्से यांनी यातून मार्ग काढला. जिच्या घडण्या-न घडण्याशी माणसाला काहीच देणेघेणे नाही, अशी एखादी घटना घ्यावी. ती घडल्यास इष्ट फळ व न घडल्यास अनिष्ट फळ, अथवा याच्या उलट, असे दोन पर्याय त्याला द्यावेत. दोन्ही पर्याय त्याला सारखेच वाटले, तर त्या घटनेविषयी त्याचा विश्वास निम्मा, म्हणजे १/२, होय. या निम्म्याच्या आधारे प्रथम निरनिराळ्या फळांची मोले ठरविता येतात आणि मग त्या मोलांवरून इतर सर्व विश्वास मोजता येतात.

सुसंगतीचा नियम

संभाव्यतेच्या गणिताचे नियम विवेकी माणसाने का पाळावेत, याचे उत्तर या विवेचनातून मिळते. समजा, उद्या पाऊस पडेल यावर एकाचा विश्वास ६/१० आहे आणि पडणार नाही यावरही ६/१० आहे. तो पाऊस पडल्यास १० रुपये देणारी चिठ्ठी ६ रुपयांना घेईल आणि न पडल्यास १० रुपये देणारी दुसरी चिठ्ठीही ६ रुपयांना घेईल. त्याने १२ रुपये मोजले. हाती मात्र कोणत्याही परिस्थितीत १० रुपयेच येणार. पाऊस पडो वा न पडो, २ रुपयांचा तोटा ठरलेलाच. दोन विरुद्ध शक्यतांवरील विश्वासांची बेरीज बरोबर १ असेल, तरच हा तोटा टळतो. तेव्हा संभाव्यतेचे नियम हे विश्वासांच्या परस्पर सुसंगतीचे नियम होत. त्यांचा भंग करणारा माणूस स्वतःशीच विसंगत वागतो.

सुसंगती पुरेशी नाही

परंतु सुसंगत विश्वास सत्याला धरून असतोच असे नाही. चुकीच्या समजुतींची घडीही सुसंगत बसविता येते. म्हणून रॅम्से यांनी दुसरी कसोटी सांगितली : माणूस मनाच्या ज्या सवयींनी अनुमान करतो, त्या सवयी त्याला सत्याकडे नेतात काय? येथे त्यांचे उदाहरण अळंबीचे आहे. पिवळी अळंबी दिसताच ती अपायकारक आहे असे मानण्याची सवय एखाद्यास असेल, तर त्याचा तो विश्वास किती असावा? पिवळ्या अळंब्यांपैकी प्रत्यक्षात जितका हिस्सा अपायकारक असेल, तितकाच. १०० पैकी ७० अपायकारक असतील, तर ७/१० हा विश्वास सर्वांत योग्य होय. अनुभवावरून अनुमान करण्याची सवय याच न्यायाने समर्थनीय ठरते. ती कोणत्याही तार्किक नियमाने सिद्ध होत नाही. परंतु ती सोडणाऱ्यास जगाविषयी उपयुक्त असे काहीच कळणार नाही.

पुढील इतिहास

रॅम्से यांच्या टीकेतील महत्त्वाचा भाग केन्स यांनी १९३१ साली मान्य केला. इटलीतील गणितज्ञ ब्रूनो दे फिनेत्ती हे स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षास पोहोचले होते. त्यांचे प्रसिद्ध विवेचन १९३७ सालचे आहे. १९५४ साली अमेरिकेतील लिओनार्ड सॅव्हेज यांनी याच पायावर संख्याशास्त्राची मांडणी केली. आक्षेपही निघाले. ज्या शक्यतांचे प्रमाण ठाऊक नाही, त्यांच्यापेक्षा ठाऊक असलेल्या शक्यतांना माणसे झुकते माप देतात आणि त्यामुळे त्यांची निवड या नियमांत बसत नाही, हे डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ साली दाखविले. माणसे प्रत्यक्षात कशी वागतात आणि त्यांनी कसे वागावे, हे दोन प्रश्न तेव्हापासून अधिक काटेकोरपणे वेगळे केले जाऊ लागले.

खात्री नाही म्हणून वैद्याला उपचार थांबविता येत नाहीत आणि शेतकऱ्याला पेरणी टाळता येत नाही. अशा वेळी विवेकाची मागणी दुहेरी असते : आपले विश्वास परस्परांशी जुळते ठेवावेत, आणि ज्या सवयींनी ते बनले त्या अनुभवाच्या कसोटीवर वारंवार तपासाव्यात. पहिली मागणी गणिताने पुरी होते. दुसरीसाठी निरीक्षणावाचून गत्यंतर नाही.