वार्धक्य आणि स्वाधीनता

बारामती व इंदापूर या तालुक्यांत ऐंशी-नव्वद वर्षांचीं पुष्कळ माणसें आपल्या जुन्या घरींच राहतात. ‘हातपाय चालतात तोंवर कोणावर भार नको,’ हें त्यांचें नेहमींचें बोलणें. मग हातपाय थकले म्हणजे त्यांची स्वाधीनता संपली काय? या प्रश्नाचा विचार आपण येथें करूं.

स्वावलंबन म्हणजे आपलीं कामें आपल्या हातांनीं करणें; स्वाधीनता म्हणजे आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घेणें. पहिलें वयाबरोबर कमी होत जातें. दुसरी जावी असा निसर्गाचा नियम नाहीं. आजीस भरलेली कळशी उचलवत नसेल, तर ती आपण उचलावी. परंतु स्वयंपाक काय करावा, हें तिला विचारावें. महर्षि धोंडो केशव कर्वे (1858–1962) यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं 1936 सालीं मंडळ स्थापिलें, व 1944 सालीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, समता संघ काढला. शरीर थकलें तरी संकल्प थकतोच असें नाहीं.

आतां आपल्या भागाकडे पाहूं. भीमेवरील उजनी धरण 1980 सालीं पूर्ण झालें. पळसदेवासारखीं इंदापूर तालुक्यांतील गांवें त्यासाठीं हलवावीं लागलीं. पाणी फार ओसरलें म्हणजे जुन्या पळसदेवाचें मंदिर अद्याप उघडें पडतें. तेव्हां भर तारुण्यांत नवें घर उभारणारे आज वृद्ध झाले आहेत. अशा मनुष्यास ‘आतां पुण्यास आमच्याकडे चला,’ असें मुलानें प्रेमानें म्हटलें, तरी त्यास तें दुसऱ्यांदा गांव सोडण्यासारखें वाटणें स्वाभाविक आहे. ओळखीचा उंबरा व शेजार यांच्या आधारानेंच तो धीटपणें वावरत असतो.

अर्थात् मुलांची काळजीहि खोटी नव्हे. म्हातारपणीं एक पडणें कायमचें अंथरूण धरावयास लावूं शकतें. म्हणून न्हाणीघरांत धरावयास दांडा व रात्रीं मंद दिवा असावा. मात्र हें सर्व त्यांस विचारून करावें. न विचारतां केलेली सेवा पुष्कळदां सत्तेसारखी भासते.

कायद्यानेंहि हें तत्त्व मानिलें आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याचा मार्ग 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यांत आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस राज्यांत एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. तिकिटासाठीं मुलापुढें हात पसरावा न लागणें, हीहि स्वाधीनताच होय.

परंतु जें कायद्यानें साधत नाहीं तें घरांत साधावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, आजोबांचा हात धरण्यापूर्वीं ‘धरूं का?’ असें विचारा, आणि ते ‘नको’ म्हणाले, तर दूर न जातां त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकीत चला.