पोकेमॉनचा डेक : बाजारातली किंमत आणि डावातलं मोल

मुलाने किंवा मुलीने ‘मला स्पर्धेत खेळायचंय’ म्हटलं की घरात आधी कार्डांची पाकिटं येतात. पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेममध्ये महागडं कार्ड डाव जिंकून देतंच असं नाही. खरेदीआधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

पाकिटांचा हिशेब

२०२३ साली ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’ मालिका आली, तेव्हा अमेरिकेत दहा कार्डांच्या पाकिटाची सुचवलेली किंमत ४.४९ डॉलर होती. ३६ पाकिटांचा पूर्ण डबा घेतला तर १६१.६४ डॉलर. एवढे मोजूनही हवं ते कार्ड निघेल याची हमी नाही. त्याच काळात तयार ‘लीग बॅटल डेक’ची सुचवलेली किंमत २९.९९ डॉलर होती. त्यात खेळता येईल असा ६० कार्डांचा पूर्ण संच मिळतो. भारतात यावर आयातीचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा चढतो, म्हणून दर विचारताना घरपोच एकूण किंमतच विचारा.

कार्ड पारखताना

- पाळीचा खर्च : एका पाळीत सपोर्टर कार्ड एकच खेळता येतं, आयटम कितीही. त्यामुळे नवं सपोर्टर घेताना विचारा : ‘बॉसेस ऑर्डर्स’सारखं हुकमी सपोर्टर बाजूला ठेवून मी हे खेळेन का?
- बक्षीस कार्डं : प्रत्येकाची सहा असतात, सुरुवातीला आपल्याच डेकमधून पालथी बाजूला ठेवलेली. साधा पोकेमॉन बाद झाला की प्रतिस्पर्धी एक उचलतो, नावात ‘ईएक्स’ असलेला बाद झाला की सहसा दोन. सहाही उचलणारा जिंकतो, म्हणजे तीन ईएक्स पडले की डाव संपला. ताकदीसोबत ही जोखीमही मोजा.
- किती डेकमध्ये चालतं : ‘अल्ट्रा बॉल’ हातातली दोन कार्डं टाकायला लावून कोणताही पोकेमॉन शोधून देतो. असं कार्ड डेक बदलला तरी कामी येतं. पैसे आधी अशाच कार्डांवर घाला.
- किती प्रती : डेक बरोबर ६० कार्डांचा आणि मूळ एनर्जी सोडून एका नावाची कमाल चार. चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, एकच असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास. शिवाय ते एकुलतं कार्ड बक्षिसांत अडकण्याची शक्यता दहा टक्के. ज्याच्याशिवाय डेक चालत नाही, त्याची एकच प्रत ठेवून भागत नाही.

डेक निवडताना

‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे अ‍ॅप मोफत आहे. मनातला डेक आधी तिथे निदान वीस डाव खेळा आणि प्रत्येक हार का झाली ते वहीत लिहा. घरी मित्रांशी खेळताना कागदावर नावं लिहिलेली कार्डंही चालतात, अधिकृत स्पर्धेत मात्र नाही. वीस डावांनंतरही हात बसला नाही, तर डेक बदला. इथपर्यंत एक रुपयाही गेलेला नसतो.

सुटी कार्डं घेताना

यादी पक्की झाली की नेमकी कार्डं सुटी घ्या. एकाच कार्डाची साधी आणि विशेष चित्राची अशा आवृत्त्या असतात. किमतीत मोठा फरक, डावातलं काम तेच. खेळायला साधी पुरते.

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर नक्की बघा. स्पर्धांच्या ‘स्टँडर्ड’ प्रकारात जुन्या अक्षरांची कार्डं ठराविक काळाने बाद होतात. लवकरच बाद होणाऱ्या अक्षराच्या कार्डावर मोठी रक्कम घालू नका. मात्र तेच कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल, तर जुनी प्रतही चालते. म्हणून आधी घरातला डबा उघडून पाहा.

खेळण्यांच्या दुकानात मिळणारी चकचकीत सोनेरी प्लास्टिकची कार्डं अधिकृत नसतात आणि स्पर्धेत चालत नाहीत. सुटं कार्ड घेताना खात्रीच्या खऱ्या कार्डाशेजारी ठेवून मागच्या बाजूचा रंग, अक्षरांचा ठसा आणि कागदाची जाडी ताडून पाहा.

साठ सारखी, मागून अपारदर्शक कव्हरं घ्या आणि थोडी जादा ठेवा. झिजलेल्या कव्हरामुळे कार्ड ओळखू येतं आणि पंच दंड करू शकतात.

क्रम लक्षात ठेवा : आधी मोफत सराव, मग घरातली कार्डं, मग तयार डेक आणि शेवटी नेमकी सुटी कार्डं. पाकीट उघडण्याची मौज वाढदिवसाला जरूर द्या, पण ते पैसे स्पर्धेच्या खर्चात धरू नका.