गावच्या तक्त्यात आपले घर कोठे?



आपल्या गावचा जनगणनेचा तक्ता कधी पाहिला आहे काय? एकूण घरे, स्त्री-पुरुष, साक्षर, काम करणारे असे रकाने त्यात असतात. समाज दाखविणारे रकाने मात्र दोनच : अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. धर्माचे आकडे तालुक्यापर्यंत छापतात. खेड्यापर्यंत ते येतच नाहीत.

याचा परिणाम काय झाला ते समजून घ्या. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, १९६१ मध्ये, ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. परंतु अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. ज्याने खरेपणाने 'बौद्ध' सांगितले, त्याचे घर त्या रकान्यातून गळाले. वस्ती तीच, मजुरी तीच; कागदावर मात्र माणसे घटली! १९९० साली कायदा दुरुस्त झाला. राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ ला सुमारे ७ टक्के होते, ते १९९१ ला ११ टक्क्यांवर गेले. एवढी माणसे काही दहा वर्षांत जन्मली नव्हती.

तेव्हा प्रगणक दारी आला, की घरात जो असेल त्याने, सासूबाई असोत की सून, धर्म 'बौद्ध' असाच सांगावा. जातीचा प्रश्न वेगळा असतो. तेथे अनुसूचित यादीतील नावच सांगावे लागते. ते जड जाते हे खरे. पण 'बौद्ध' हे नाव त्या यादीत नाही. एखादा प्रगणक न विचारताच 'हिंदू' नोंदवून मोकळा होतो. तो उठण्यापूर्वी नोंद वाचून घ्या.